'फेक' सगळीकडे चालतं का? थोडं चालतं, थोडं नाही

तुमचा प्रश्न असा आहे की 'फेक', 'काउंटरफिट', 'फोर्ज्ड', 'रेप्लिका' या सगळ्यांपुढे शब्दकोशात 'बनावट' एवढंच दिलंय, मग सरसकट 'फेक' म्हटलं तर काय बिघडतं? बोलताना काही बिघडत नाही. हसू, पापण्या, बातमी, पासपोर्ट, कशालाही 'फेक' लागतं. लिहिताना मात्र अडतं, कारण खोटेपणा नेमका कशात आहे हे 'फेक' सांगत नाही. बाकीचे शब्द तेच सांगतात.

आधी आपल्या तोंडी बसलेल्या 'डुप्लिकेट'चा निकाल लावू. मी एकदा परदेशातल्या पुरवठादाराला कळवलं होतं की आलेला पार्ट 'डुप्लिकेट' आहे. त्याचं नम्र उत्तर आलं: चुकून दोन गेले असतील तर जास्तीचा परत पाठवा. इंग्रजीत 'डुप्लिकेट' म्हणजे दुसरी प्रत, मग ती किल्लीची असो वा पावतीची. त्यात फसवणूक नाही. मला म्हणायचं होतं 'काउंटरफिट'.

'काउंटरफिट'मध्ये चोरी असते ती नावाची किंवा शिक्क्याची. नोटा, नाणी, मोठ्या ब्रँडच्या पिशव्या, घड्याळं यांना हाच शब्द. कायद्याच्या भाषेतही ही वाटणी आहे. 1995पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या 'ट्रिप्स' करारात ट्रेडमार्क चोरलेला माल 'काउंटरफिट' आणि कॉपीराइट मोडून काढलेल्या प्रती 'पायरेटेड'. म्हणून सॉफ्टवेअर, पुस्तक, सिनेमा 'पायरेटेड' असतात. त्यातला मजकूर बहुधा अस्सलच असतो, फक्त छापण्याचा हक्क नसतो. आणि रूप तेच पण नाव वेगळं असेल तर 'नॉक-ऑफ'. हल्ली सौंदर्यप्रसाधनांत याच अर्थी 'ड्यूप' म्हणतात, तेही कौतुकाने.

'फोर्ज' म्हणजे मुळात लोहाराची भट्टी. लोखंड घडवण्यावरून हा शब्द खोटे कागद 'घडवण्या'वर आला. (चाकूवर 'फोर्ज्ड स्टील' दिसलं तर घाबरू नका, ती चाकूची स्तुती आहे.) सही, मृत्युपत्र, दाखला, चित्र हे 'फोर्ज' होतात. 'फोर्जरी'ला मूळ वस्तू असावीच लागते असं नाही, आणि गोंधळ इथेच होतो. हान व्हान मेगरेन हा डच चित्रकार सतराव्या शतकातल्या व्हर्मीरच्या नावावर चित्रं खपवायचा. ती व्हर्मीरच्या कुठल्याच चित्राची नक्कल नव्हती. नवी चित्रं, फक्त शैली आणि सही व्हर्मीरची. 1937 साली एक चित्र थेट रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी घेतलं गेलं, दुसरं नाझी नेता गोरिंगकडे पोचलं. युद्धानंतर, 1945मध्ये, राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याबद्दल त्याला पकडलं, तेव्हा सुटकेसाठी त्याला कबूल करावं लागलं की ते मीच रंगवलंय. ते पटेना, म्हणून साक्षीदारांसमोर त्याने आणखी एक 'व्हर्मीर' रंगवून दाखवला! याला 'कॉपी' म्हणता येत नाही, 'फोर्जरी'च म्हणावं लागतं. उलट संग्रहालयात बसून, स्वतःच्या नावाने केलेली हुबेहूब नक्कल ही 'कॉपी', तिच्यात गुन्हा नाही.

औषधांच्या बाबतीत शब्द आणखी जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने 2017मध्ये 'काउंटरफिट' बाजूला ठेवून 'फॉल्सिफाइड' स्वीकारला, कारण 'काउंटरफिट' म्हटलं की चर्चा ट्रेडमार्ककडे वळते आणि रुग्णाच्या पोटात काय गेलं ते मागे पडतं. मुद्दाम खोटं केलेलं ते 'फॉल्सिफाइड', परवाना असलेल्या उत्पादकाचं पण दर्जात कमी पडलेलं ते 'सबस्टँडर्ड'. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो.

काही शब्दांत फसवणूक नसतेच. 'रेप्लिका', 'इमिटेशन', 'फो' (लिहिताना शेवटी एक्स, उच्चारात नाही) हे खोटेपणा उघड सांगून येतात. 'सिंथेटिक' तर खोटाही नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा कार्बनचाच असतो, म्हणून तो 'सिंथेटिक' पण खरा हिरा. क्युबिक झिर्कोनियात कार्बनच नाही, म्हणून तो 'इमिटेशन'. कवळीला मात्र 'फॉल्स टीथ' म्हणतात, आणि कृत्रिम पायाला 'आर्टिफिशियल लिंब'. का, ते विचारू नका, रूढीच तशी आहे.

उरले 'बोगस', 'शॅम', 'फोनी'. 'बोगस' आपण मराठीत रोज वापरतो, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत खोटी नाणी पाडायच्या यंत्रालाच 'बोगस' म्हणत. 'शॅम' नुसत्या देखाव्याला, जसं कागदोपत्री लग्न. 'फोनी' बहुधा माणसाला किंवा त्याच्या उसन्या उच्चारांना.

आता तुमचं वाक्य, 'त्याने अनुभवाचा बनावट दाखला दिला'. कंपनी खरी, पण सही कुणीतरी ठोकून दिलेली असेल तर 'फोर्ज्ड सर्टिफिकेट'. कंपनीच अस्तित्वात नसेल तर 'अ सर्टिफिकेट फ्रॉम अ बोगस कंपनी'. आणि सही-शिक्का खरा, पण तो माणूस तिथे कधी कामालाच नव्हता, असं असेल तर 'फॉल्स सर्टिफिकेट'. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.