इतकी बाळंतपणं केली, ती कशात धरणार?

परदेशात जाऊन पुन्हा शिकायला बसलेल्या नर्सेस गेली काही वर्षं माझ्याकडे समुपदेशनासाठी सातत्याने येतात. कुणी आखातातून बोलतं, कुणी ऑस्ट्रेलियातून, तर कुणी लातूर-परभणीहून, कारण एएनएमची (साहाय्यक परिचारिकेची) जीएनएम (पूर्ण परिचारिका) व्हायला निघालेल्या बाईलाही तीच बोच असते. मला हे सगळं येतं, मग पुन्हा पहिलीपासून का?

त्यातल्या एकीबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायची परवानगी घेतली आहे. आयुष्यभर सगळ्यांनी त्यांना सिस्टर म्हटलं, मीही इथे तेच म्हणते. जीएनएम झालेल्या. मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये कित्येक वर्षं काढली, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे मेलबर्नला गेल्या. तिथे नर्स म्हणून आधीच नोंदणी झालेल्यांसाठी मिडवायफरीचा, म्हणजे बाळंतपणाच्या शास्त्राचा, वेगळा, छोटा अभ्यासक्रम असतो. सिस्टरांची तशी नोंदणी नव्हती, म्हणून त्यांनी तीन वर्षांच्या बॅचलर ऑफ मिडवायफरीला प्रवेश घेतला आणि पूर्वीच्या शिक्षणाच्या आधारावर चार विषयांत सूट मागितली. तीन विषय नाकारले गेले, चौथ्यासाठी आणखी कागद मागितले.

व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी ते पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. पत्रात एवढंच होतं की सादर केलेल्या पुराव्यावरून समकक्षता ठरवता येत नाही.

"म्हणजे मी खोटं बोलते असंच ना, मॅडम? माझ्या हातून किती बाळं झाली त्याचा हिशोब नाही. आणि आता ही पंचविशीतली पोरगी मला बाहुलीवर दाखवणार, बाळाचं डोकं कसं धरायचं!"

"पत्रात खोटं हा शब्द आहे का?"

"नाही. पण अर्थ तोच होतो."

"तो अर्थ पत्र पाठवणाऱ्याने लावला की वाचणाऱ्याने?"

त्या दिवशी त्यांना हा प्रश्न आवडला नाही. रागाने मान फिरवली. मला त्याचं काही वाटलं नाही. माझी सगळी बैठक विवेकनिष्ठ विचारांची आहे. घटना आपल्याला जेवढी दुखवत नाही तेवढं तिच्याबद्दल आपण मनाशी जे बोलतो ते दुखवतं, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं आहे की राग आला तर बरंच वाटतं. नेमकं कुठे दुखतं आहे ते त्याने कळतं.

पुढे बरेच दिवस आम्ही त्याच पत्राभोवती फिरत होतो. गावाहून सासूबाईंचा फोन यायचा, "तू तर सिस्टर होतीस ना, मग परत शाळा कशाला?" नवरा फीचा हिशोब मांडायचा. सिस्टर दोघांशीही भांडायच्या आणि रात्री जागायच्या.

एकदा मी वेगळीकडून विचारलं. "समजा, उद्या विद्यापीठाने चारही विषय माफ केले. सोमवारी सकाळी वॉर्डात शिरताना पोटात गोळा येणार नाही ना?"

त्या लगेच उत्तर देतील असं मला वाटलं होतं. दिलं नाही. चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला.

"येईल," त्या म्हणाल्या.

"कशाने?"

"इथल्या बायका विचारतात, मॅडम. तपासायला हात पुढे केला की विचारतात, हे का करताय? नाही केलं तर काय होईल? परवा एकीने सांगितलं, आत्ता तपासू नका. मी नुसती उभी राहिले. आमच्याकडे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी 'घे ताई, पाय वर घे' म्हणायचे, ती घ्यायची."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला वाटतं, मला उत्तर येत नाही याची भीती आहे."

समुपदेशकाच्या कामात असे क्षण मागून मिळत नाहीत, आणि मिळाले की त्यावर उडी मारायची नसते. मी गप्प राहिले. त्या बराच वेळ रडल्या. या रडण्यात पहिल्यांदाच विद्यापीठाबद्दल तक्रार नव्हती. मलाही त्यांचा प्रश्न तेव्हाच नीट दिसला. सूट त्यांना अभ्यासातून नको होतीच. 'मला हे ठाऊक नाही' असं म्हणायची वेळ टळावी, एवढ्यासाठी हवी होती. अनुभवी माणसाला नवशिकेपणाची जितकी लाज वाटते तितकी खऱ्या नवशिक्याला कधीच वाटत नाही.

त्यानंतरचं काम सोपं होतं, पण वेळखाऊ. प्रत्येक विषयाच्या पुस्तिकेत, तो पूर्ण झाल्यावर विद्यार्थिनीला काय काय येणं अपेक्षित आहे, त्याची यादी असते. ती यादी समोर ठेवून सिस्टरांनी एका वहीत रकाने पाडले. हे मला येतं आणि कागद आहे. येतं पण कागद नाही. आणि तिसरा, मला येतं ते वेगळं आहे. सूट मागणाऱ्या प्रत्येकीला मी आता ही वही करायला लावते, आणि त्यातून मिळालेले निकाल समाधान वाटावं असे आहेत.

तिसऱ्या रकान्याने सिस्टरांनाच चकित केलं. त्या शिकल्या तेव्हा गर्भाशयाचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलं की कळांचा सक्रिय टप्पा सुरू झाला असं धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत तो ५ सेंटीमीटरपासून धरला आहे. पहिलटकरणीला बाळ बाहेर येताना योनीमार्गाच्या तोंडाशी छेद द्यायचाच, हा त्यांच्या लेबर रूमचा रिवाज होता. त्याच शिफारशी सरसकट छेद देऊ नये असं सांगतात. बाळ खाली यावं म्हणून पोटावर दाब देणंही त्यांत नाकारलं आहे. बाळंतिणीला हवी ती सोबत कळांच्या वेळी जवळ असावी असं त्यांत आहे, आणि सिस्टरांनी तर उभ्या आयुष्यात नातेवाइकांना दाराबाहेर काढलं होतं. "ते चूक होतं का मग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला शिकवलं ते तुम्ही जीव ओतून केलंत. आता शास्त्र पुढे गेलंय, तुम्हीही चला."

आणखी एक गोष्ट त्यांची त्यांनाच सापडली. ऑस्ट्रेलियात मिडवाइफ होण्यासाठी अभ्यासक्रमाच्या काळातच देखरेखीखाली ठरावीक काम करावं लागतं. १०० वेळा प्रसूतीपूर्व तपासणी, १०० वेळा प्रसूतीनंतरची काळजी, किमान ३० नैसर्गिक प्रसूती, आणि १० बायकांची गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सलग साथ. त्या दहावर सिस्टर अडल्या. "मी एकाही बाईला अशी सोबत केलेली नाही. त्या यायच्या कळा सुरू झाल्यावर, जायच्या दोन-तीन दिवसांत. मला नावंसुद्धा आठवत नाहीत."

म्हणून सूट मागणाऱ्यांना माझं सांगणं असं आहे. हा प्रत्यक्ष कामाचा आकडा जुन्या अनुभवावर कापून मिळेल या आशेवर राहू नका. सूट मिळते ती बहुतेक वेळा पुस्तकी विषयांत. तिथेही नुसती गुणपत्रिका पुरत नाही, कारण तिच्यावर विषयाचं नाव आणि गुण असतात, काय शिकवलं ते नसतं. त्या वर्षीचा अभ्यासक्रम आणि तासांचा तपशील आपल्या नर्सिंग कॉलेजातून शिक्का मारून घ्या. मेट्रनकडून पत्र घ्यायचं तर 'कर्तव्यदक्ष व मनमिळाऊ' असं नको. कोणत्या विभागात, किती वर्षं, कोणती कामं स्वतंत्रपणे केली, ते हवं. हे सगळं देश सोडण्याआधी करा. तिकडून फोनवर ही कामं होता होत नाहीत. शिक्षण फार जुनं असेल तर विद्यापीठ ते धरत नाही. दहा वर्षांची अट बऱ्याचदा दिसते. ती अट तुमच्यासाठी म्हणून काढलेली नसते. आणि विद्यार्थी व्हिसावर असाल तर अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या कचेरीत नीट विचारा, कारण सूट मिळून अभ्यासक्रमाचा कालावधी घटला तर नावनोंदणीच्या प्रमाणपत्रावरची मुदतही बदलते.

मिळू शकणारी प्रत्येक सूट घ्यावीच असंही मी म्हणणार नाही. पहिल्या सहामाहीचे सोपे वाटणारे विषय सोडले की तिथल्या पद्धतीने निबंध लिहायची, संदर्भ द्यायची सवय कुठे लागणार? मैत्रिणीही त्याच वर्गांत मिळतात, आणि परक्या देशात त्यांची गरज फीच्या बचतीहून मोठी असते. मात्र जे खरोखर येतं आणि ज्याचा कागद आहे, ते संकोचापोटी सोडू नका. आपल्याकडेही जीएनएम झालेल्या मुलीला पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करता येते, बारावीनंतर थेट बी.एस्सी.ला चार लागतात. आधी शिकलेलं धरलं जावं ही मागणी उपकाराची नाही, हक्काची आहे.

सिस्टरांनी अखेर समाज आरोग्य या एकाच विषयासाठी पुन्हा कागद दिले. लसीकरण सत्रं, गृहभेटी, गरोदर मातांची नोंदणी, सगळं त्यांच्या जुन्या मेट्रनने तारखांसह लिहून पाठवलं. सूट मिळाली. बाकीचे विषय त्या वर्गात बसून करत आहेत, आणि बाहुलीवर दाखवणाऱ्या त्या पंचविशीतल्या पोरीशी त्यांचं चांगलं जमतं. सासूबाईंना काय सांगायचं तेही त्यांनी माझ्या मदतीशिवाय ठरवलं: "आई, तिकडचं मला येत होतं. इकडचं शिकतेय."

तुमचा अर्ज नाकारला गेला असेल तर पत्र त्याच रात्री पुन्हा पुन्हा वाचू नका. सकाळी विषयप्रमुखाला एकच प्रश्न लिहून पाठवा: यादीतल्या कोणत्या मुद्द्याचा पुरावा कमी पडला? उत्तर आलं की वही उघडा. तो मुद्दा पहिल्या दोन रकान्यांत असेल तर कागद जमवा आणि मुदतीच्या आत फेरविचार मागा. तिसऱ्यात असेल तर वर्गात जाऊन बसा.