रोज नाशिकच्या सिडकोहून अंबड एमआयडीसीला बाइकने जातो, सारखं पंक्चर होतं. टायरमध्ये लिक्विड सीलंट टाकू का?

टायर ट्यूबलेस असेल तर जरूर टाका. ट्यूबचा असेल तर तेच पैसे चांगल्या नव्या ट्यूबवर घाला. तुमच्या प्रश्नात नेमकं हेच आलेलं नाही, म्हणून आधी गाडीपाशी जाऊन बघा. टायरच्या बाजूला ‘ट्यूबलेस’ किंवा ‘ट्यूब टाइप’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. गाडी सेकंडहँड असेल तर मात्र तेवढ्यावर जाऊ नका, कारण रिममधून हवा जायला लागली की ट्यूबलेस टायरमध्येही ट्यूब घालून देतात. व्हॉल्व्ह रिममधून बाहेर येतो तिथे आखूड, रबरात मढवलेला बुंधा दिसला तर ट्यूबलेस. आट्यांची धातूची नळी आणि नट दिसला तर आत बहुधा ट्यूब आहे. तारांच्या चाकात जवळजवळ नेहमी ट्यूबच असते.

हा फरक इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. बाइकसाठी मिळणारं सीलंट म्हणजे बहुतेक वेळा ग्लायकोलसारख्या घट्टसर द्रवात मिसळलेले बारीक तंतू आणि रबराचे कण. चाक फिरतं तसा हा द्रव आतून, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर पसरतो. खिळा घुसला की हवा त्या भोकाकडे धावते, सोबत द्रव ओढून नेते आणि मोरीच्या जाळीत केस अडकावेत तसे तंतू भोकात अडकून गच्च बसतात. ट्यूबलेस टायरचं रबर तिथे जाड असतं, त्यामुळे तंतूंना अडकायला खोली मिळते, आणि ते रबर खिळ्यालाही आवळून धरतं. ट्यूब पातळ आणि हवेने ताणलेली. तिचं भोक ताणामुळे उघडंच राहतं आणि खिळा हलत राहिला की फाटत जातं. बाभळीच्या बारीक काट्यापुरता ट्यूबमध्येही कधी उपयोग होतो, पण रात्रपाळीहून घरी पोचायचं असेल तर त्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

मीही सातपूरला बाइकनेच जातो. आपल्याकडे कारखान्यांच्या रस्त्यांवर टायरमध्ये घुसतात ते लेथवरून निघालेले लोखंडाचे कुरळे तुकडे, स्क्रू आणि पॅकिंगच्या खोक्यांचे खिळे. स्क्रॅपच्या गाड्यांतून ते सांडतात आणि रस्त्याच्या कडेला साचतात. दिंडोरीकडे गेलात तर द्राक्षाच्या मांडवाच्या तारेचे तुकडेही भेटतात. अशी बारीक भोकं सीलंट उत्तम बुजवतं. बाटल्यांवर साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतचा दावा असतो, मी ४ च धरून चालतो. तेही फक्त नक्षीच्या भागात. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, तिथे तंतूंचा गुंता टिकत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात आदळून बाजू चिरली किंवा अलॉय वाकून कडेने हवा जायला लागली, तर सीलंटकडून काही अपेक्षा ठेवू नका.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. सीलंट काम करतं तेव्हा तुम्हाला कळतच नाही. खिळा टायरमध्येच असतो आणि तुम्ही त्याच्यावर फिरत असता. तो रोज थोडा हलतो, भोक मोठं होतं आणि एक दिवस कसारा घाटात, डबलसीट असताना हवा जाते. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक हाताने पूर्ण फिरवून बघा, आणि हवा टायर थंड असताना तपासा. दर वेळी त्याच चाकात दोन-तीन पीएसआय कमी भरत असेल तर काहीतरी घुसलेलं आहे असं समजा. खिळा सापडला तर दुकानात जाऊन टायर उतरवा आणि आतून मशरूम प्लग, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी बूच, बसवून घ्या. सीलंटने भोक बुजलं म्हणजे पंक्चर निघालं, असं नव्हे.

टाकणं सोपं आहे. चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, व्हॉल्व्हमधली पिन काढा, बाटलीवर टायरच्या मापानुसार दिलेलं प्रमाण बघून तेवढंच सोडा. जास्त टाकलं तर चाकाचा तोल बिघडतो आणि वेगात हँडल थरथरतं. मग पिन बसवून, हवा भरून लगेच काही किलोमीटर गाडी चालवा. पुढेही हवा भरताना व्हॉल्व्ह वरच ठेवायचा, नाहीतर द्रव पिनेत येऊन चिकटतो. एकाच चाकापुरतं बजेट असेल तर मागच्या चाकात टाका. मागे वजन जास्त असतं, आणि आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उभा करतं आणि तो मागच्यात घुसतो.

पंक्चरवाल्याला टायर उघडण्याआधी आत सीलंट आहे हे सांगा. त्याला सगळं धुऊन, पुसून, कोरडं करूनच प्लग लावावा लागतो आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मागितले तर द्या. पाण्याने धुतलं जाणारं सीलंट घ्या, त्याचीही मेहनत वाचते. लॅटेक्सवालं, म्हणजे रबराच्या चिकाचं सीलंट काही महिन्यांत सुकतं आणि त्याचे आत गोळे होतात. बाटलीवरची मुदत बघा आणि टायर नवा असेल तर वॉरंटीच्या अटीही वाचा. पंक्चर झाल्यावर टायरमध्ये सोडायचे फवाऱ्याचे आणीबाणीचे कॅन ही वेगळी वस्तू. त्यातला गॅस बऱ्याचदा पेट घेणारा असतो, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात गाडीला लावलेल्या बॅगेत तो कॅन ठेवू नका, आणि वापरलाच तर तेही पंक्चरवाल्याला सांगा.

शेवटी, दर महिन्याला पंक्चर होत असेल तर नक्षी किती उरली आहे ते बघा. खाचांमधल्या झीजेच्या खुणेपर्यंत टायर आला असेल तर आधी टायर बदला आणि सीलंट त्या नव्या टायरमध्ये टाका.