खंड पडल्यावर व्यायाम सुरू केला आणि कंबर धरली. आता जिम सोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, राहायला कळव्यात, नोकरी ऐरोलीत, दिवसभर लॅपटॉपसमोर. अडीच वर्षं व्यायामाला पूर्ण सुट्टी. मग जिम लावली आणि दहाव्या दिवशी कंबर धरली. आता जिम सोडायची का, एमआरआय काढायचा का, हे कायमचं मागे लागलं का?

मी डॉक्टर नाही. ठाण्यात पाचपाखाडीत राहते, वय ४९, हिशेबाच्या कामामुळे मीही खुर्चीलाच चिकटलेली. पण या वाटेने जाऊन आले आहे, म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट बघून घ्या. पायातला जोर कमी झालाय, पाऊल फरपटतंय, लघवी अडलीय किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नाहीये, मांड्यांच्या आतून आणि बसायच्या जागी बधिर वाटतंय, यातलं काहीही असेल तर हे वाचत बसू नका, आत्ताच हॉस्पिटल गाठा. ताप आहे, वजन उगाच उतरतंय, आधी कर्करोग होऊन गेलाय, दुखणं पडण्या-आपटण्यातून आलंय किंवा रात्री कुठल्याही कुशीवर कळ थांबत नाही, तरी व्यायामाचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

यातलं काही नसेल तर माझी गोष्ट ऐका.

सासूबाईंच्या आजारपणात माझं चालणं, रविवारचं येऊरच्या डोंगरावर जाणं, सगळं सुटलं. तीन वर्षं गेली. त्या बऱ्या झाल्या आणि रथसप्तमीला आमच्या गच्चीवर १०८ सूर्यनमस्कारांचा बेत ठरला. कॉलेजात असताना मी १०८ घालायचे. तो आकडा डोक्याला पाठ होता, कमरेला नव्हता. बाराची पाच आवर्तनं झाल्यावर थांबले, म्हणजे ६०, आणि तेवढ्यावरही घरी येऊन फुशारकी मारली. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या. ते धरूनच चालले होते, नव्या कष्टाचं अंग एक-दोन दिवसांनीच जास्त दुखतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर चूळ भरायला वाकले आणि कमरेत अशी चमक निघाली की तिथेच अडकले. एका हातात ब्रश, दुसऱ्या हाताने नळ धरलेला, तोंडात पेस्टचा फेस, त्यामुळे ओरडताही येईना. बाहेर मुलगा दार वाजवतोय, "आई, आठ अठराची जाईल!"

उसण भरली म्हटल्यावर सासूबाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना बोलावणं धाडलं, कारण त्या पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, आणि अशांचा पाय लागला की उसण उतरते असा समज. मला पालथं झोपवून त्यांनी कमरेला तीनदा पाय लावला. उसण होती तिथेच राहिली. उलट हसू आवरेना आणि हसताना जास्तच कळ यायची. पण चहा छान झाला.

खरी चूक त्यानंतर केली. चार दिवस आडवी राहिले. पाचव्या दिवशी कंबर दुखत तर होतीच, वर लाकडासारखी ताठही झाली. अशा साध्या कंबरदुखीत अंथरूण धरू नये, झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहावं, हा सल्ला आता बहुतेक सगळे डॉक्टर देतात. बरीचशी दुखणी काही आठवड्यांत आपोआप उतरतात. शेक घ्या, बरं वाटतं. पेनकिलर मात्र मनाने घेऊ नका, बीपी, किडनी किंवा पोटाची तक्रार असेल तर मुळीच नाही.

दुसरी चूक एमआरआयची. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत काढायला सांगितला, मी काढला. रिपोर्टमध्ये 'एल४-एल५ला डिस्क बल्ज', म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली. झालं, आठवडाभर मी स्वतःला म्हातारी समजून चालत होते. पुढे राम मारुती रस्त्याजवळच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं की असं काहीतरी न दुखणाऱ्यांच्या पाठीतही सर्रास दिसतं. काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा छापला गेला. त्यात विशीतल्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांना डिस्क बल्ज होता आणि ऐंशीच्या घरातल्यांपैकी ८४ टक्के जणांना. म्हणून वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची घाई नको. कळण्यापेक्षा घाबरणंच जास्त होतं.

आता जिमचं. सोडू नका, माप कमी करा. दहा दिवसांत कमरेने काय काय सोसलं ते आठवून पाहा. मला वाटतं व्यायाम चुकला नसेल, अडीच वर्षांपूर्वीचं वजन उचललं असेल. दम आणि जोर लवकर परत येतात, स्नायूबंधांना वेळ लागतो, आणि नेमक्या त्या फटीत माणूस फसतो. फिजिओ बाईंनी मला एक परीक्षा दिली होती, तीच तुम्हाला देते. दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत गेलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर आदल्या सकाळइतकीच असायला हवी. जास्त दुखत असेल तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. बंद नाही करायचं.

सिट-अप्स आणि जमिनीवरून जड वजन उचलणं सध्या बाजूला ठेवा. त्याऐवजी वाकायचं कसं ते शिका. हसू नका, मलाही ४९व्या वर्षी शिकावं लागलं. जळमटं काढायच्या झाडूचा दांडा उभा पाठीला लावायचा. तो डोक्याच्या मागे, खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला असा तीन जागी टेकला पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडायचे आणि बूड मागे ढकलत वाकायचं. जागच्या जागी खुर्ची शोधतोय असं. तीनपैकी एका जागेवरून दांडा सुटला की पाठ गोल झाली. पहिल्या दिवशी माझा दांडा सारखा माकडहाडावरून निसटायचा. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, "एवढं करतेस तर जाताजाता पंख्यावरची जळमटंही काढ."

जोडीला कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या दुखण्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम. रांगण्याच्या स्थितीत एकाच बाजूचे नाही, तर तिरके हात-पाय उचलणं (उजवा हात, डावा पाय), कुशीवरचा प्लँक आणि एक पाय दुमडून, तळहात कमरेखाली ठेवून डोकं-खांदे जेमतेम उचलणं. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवायचा. प्लँक मी दीड महिना गुडघे टेकवूनच केला. एकदा तरी फिजिओसमोर करून बघा, व्हिडिओ बघून केलेलं आपल्याला नेहमी बरोबरच वाटतं.

माझ्या बाबतीत सगळ्यात मोठं औषध ठरलं ते चालणं. कचराळी तलावाला पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, पुढे दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. दुखणं एकदा गेल्यावर ते पुन्हा येऊ नये म्हणून चालणं किती उपयोगी पडतं, यावर ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. फिजिओच्या मार्गदर्शनाखाली आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत चालण्याकडे नेलेल्यांना दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालवलेल्यांना ११२. फुकटचं आहे, शूज तेवढे धड हवेत.

बारीकसारीक दोन गोष्टी. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्यांत पाणी भरतं, त्या फुगतात, म्हणून उठल्याउठल्या खाली वाकणं पाठीला जड जातं. मी पहाटे अंथरुणातून थेट गच्चीवर गेले होते, तेही नडलं असणार. तुम्ही सकाळी जिमला जात असाल तर उठल्यावर तासभर जाऊ द्या. आणि उठतानाही ताडकन नको, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातावर जोर देऊन उठा.

ऐरोलीला बाइकवरून जात असाल तर पंधरा दिवस विटाव्याचे धक्के टाळा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की दिघा गाव, पुढचं ऐरोली. बसायला जागा नाही मिळाली तर उत्तमच. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याची बाटली भरून आणा. छोटी बाटली ठेवा, म्हणजे उठावंच लागेल.

मला पूर्ण मोकळं वाटायला सात आठवडे लागले. मधे दोनदा पुन्हा चमक आली, दोन्ही वेळा ती दोन-तीन दिवसांत गेली. सूर्यनमस्कार तीनपासून सुरू केले, पुढे वाकताना गुडघे दुमडून, हात जमिनीऐवजी खुर्चीवर. यंदाच्या रथसप्तमीला २४ घातले आणि सतरंजी गुंडाळली. दुसऱ्या विंगमधले काका १०८ पुरे करून टाळ्या घेत होते. परवा लिफ्टमध्ये भेटले, कमरेला पट्टा होता. मी काही विचारलं नाही, झाडूचा दांडा मात्र पाठवून दिला.