क्लच प्लेटच्या धंद्यात उतरतोयस म्हणून

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रिक्षाच्या क्लच प्लेटचं, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरला जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या चकतीचं काम हातात घेतोयस, तर एक नीट ऐक. बाजार उलथवणारं तंत्र आलं की आधी दुबळंच दिसतं. सुरुवातीची ई-रिक्षा आठव: लेड-अ‍ॅसिड बॅटरी, नियमानेच ताशी 25 किलोमीटरची मर्यादा, चढावर दमछाक. आपल्या लाइनीतल्या लोकांना ते खेळणं वाटलं. पण उत्तरेत ती घेत कोण होतं? सायकलरिक्षा ओढणारा. त्याला ती वरदान होती. जुना माल ज्याला कधीच परवडला नसता असं गिऱ्हाईक नव्या मालाकडे वळू लागलं, की कान टवकार.

आजची कुवत बघू नकोस, सुधारणेचा वेग बघ. लिथियम बॅटरी 2010 मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, 2024 मध्ये सव्वाशेच्या आत आली. मला तरी याहून मोठी खूण माहीत नाही.

मोठ्या गिऱ्हाइकाला विचारून कळणार नाही; तो आहे तोच माल दोन पैसे स्वस्त मागणार. त्यापेक्षा एखाद्या गॅरेजात खोललेली इलेक्ट्रिक तीनचाकी बघून ये. बहुतेकींत मोटरचा जोर ठरावीक गिअरमधून सरळ चाकाला जातो, मध्ये क्लचच नाही. गॅरेजवाल्याच्या फडताळावर कुठल्या पार्टवर धूळ साचलीय तेही बघ. आणि प्लेट दाबून बनवायची प्रेस घेणारच असशील, तर ब्रेक शूचं कामही निघेल अशी घे. ब्रेक इंजिनाच्या आणि इलेक्ट्रिक, दोन्ही गाड्यांना लागतात.