नगरपरिषदेत लेखापाल म्हणून नवीन लागलास ना? मग हे वाच
अभिनंदन भावा! पहिलं म्हणजे कॅशबुक आणि बँक स्टेटमेंट रोजच्या रोज जुळव, महिनाअखेरीवर ढकललंस की एखादं ऑनलाइन पेमेंट नेमकं कुणाचं तेच सापडत नाही आणि त्या माणसाच्या घरपट्टीवर थकबाकी दिसत राहते, वर महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) चढते ती वेगळीच. मग तो पावती नाचवत तुझ्याच टेबलाशी येणार, आणि त्याची चूक नसतेच. त्यामुळे मालमत्ता क्रमांक आणि यूटीआर नंबर (बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक) दोन्ही लिहून ठेवत जा.

दुसरं, 15 व्या वित्त आयोगाचा (2021-26) निधी. आपल्यासारख्या छोट्या शहरांना त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, उरलेला अबंधित असतो पण पगार त्यातूनही काढायचे नाहीत बरं का. मार्च आला की 'तात्पुरतं वळवा हो, नंतर बघू' सुरू होतं, तेव्हा तोंडी हो म्हणायचं नाही, फाईलवर टिपणी टाकून नियम स्पष्ट लिही, पुढचं सीओ साहेब (मुख्याधिकारी) बघतील.

आणि ठेकेदारांच्या अनामत रकमेला हात लावू नको, ते पैसे आपले नसतातच.