झाकणात हात लपवलेला रेकॉर्ड प्लेअर
(वाचकांचे प्रश्न, सोलापूरच्या दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तरं)

प्रश्न : काका, माझे वडील मस्कतला नोकरीला होते. १९८१ साली सुट्टीवर येताना त्यांनी एक चौकोनी, चंदेरी, जड डबा आणला होता. परवा घर रंगवायला काढलं तेव्हा तो माळ्यावर चादरीत गुंडाळलेला सापडला. वर टेक्निक्स एसएल-१० असं लिहिलंय. उघडला तर थाळी आहे, पण आर्मच (सुई धरणारा हात) नाही. भंगारवाला म्हणतो, आर्म तुटून गेलाय, तीनशे रुपये देतो. देऊन टाकू का?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, भंगारवाल्याला आधी परत पाठवा. आर्म तुटलेला नाही, तो झाकणात आहे. झाकण पूर्ण उघडा आणि खाली वाकून त्याच्या आतल्या बाजूला बघा. एक लांब आडवी खाच दिसेल आणि खाचेच्या टोकाला बोटाएवढा आखूड हात. सुई तिथेच आहे. हाताने ओढून बघू नका, एवढं मात्र ऐका.

टेक्निक्स या जपानी कंपनीचं हे यंत्र १९७९ साली आलं. ते असं का केलं, ते सांगतो, म्हणजे त्याची किंमत तुम्हाला भंगारवाल्याकडून विचारावी लागणार नाही. मूळ तबकडीवर गाण्याची खाच कापतात तेव्हा कापणारी सुई कडेपासून मधोमध सरळ रेषेत सरकते. आपल्या नेहमीच्या प्लेअरचा आर्म मात्र एका टोकाला खिळलेला असतो, दाराच्या बिजागरीसारखा. त्यामुळे तो कमानीत फिरतो. अख्ख्या रेकॉर्डमध्ये फार तर दोन जागी सुई खाचेशी तंतोतंत सरळ बसते, बाकी ठिकाणी किंचित तिरकी. तुमच्या डब्यातला आखूड हात फिरत नाही, सरकतो. गाणं पुढे जाईल तसा तो इवलासा कलतो, आतला प्रकाशाचा डोळा ते टिपतो, आणि एक छोटी मोटार त्याला केसभर पुढे सरकवून पुन्हा सरळ करते. शेवटपर्यंत हेच चालू असतं. तबकडी जशी कापली गेली तशीच ती वाचली जाते.

आणि मग टेक्निक्सच्या लोकांनी आणखी एक गोष्ट ठरवली : अख्खं यंत्र एलपीच्या कव्हरएवढं करायचं. टेप लावून मोजा, लांबी-रुंदी ३१.५ सेंटिमीटर भरेल. वजन साडेसहा किलो, कारण सांगाडा ओतीव ॲल्युमिनियमचा आहे. झाकण बंद केलं की तेच रेकॉर्डला वरून दाबून धरतं, म्हणून हा प्लेअर भिंतीला टेकवून उभा केला तरी वाजतो. मी पहिल्यांदा उभा वाजवून पाहिला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, तरी शेजारच्यांना हाक मारून दाखवला.

आता कामाचं. सगळ्यात आधी मागची पट्टी वाचा, किती व्होल्टचा आहे ते. जपानातल्या बाजारासाठी केलेले नग १०० व्होल्टचे असत. तसा निघाला आणि तुम्ही तो थेट आपल्या २३०च्या बोर्डात लावला, तर वडिलांची आठवण एका क्षणात जळेल. मग व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. व्होल्टेज बरोबर असलं तरी एवढ्या वर्षांनी लगेच चालू करू नका. हात सरकवणारा एक बारीक रबरी पट्टा आत असतो. इतक्या वर्षांत तो एकतर सैल होतो नाहीतर चिघळून डांबरासारखा पुलीला चिकटतो. माझ्या हाताखालून असे तीन प्लेअर गेले, तिन्हीत पट्टा गेलेला होता आणि सरकपट्टीवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. पुली कापसाच्या काडीने साफ करायची, नवा पट्टा, नवं हलकं तेल. दुसरं काही बिघडलेलं नसेल तर तासाभराचं काम.

रेकॉर्डीही त्याच माळ्यावर असतील तर त्या आजच उतरवा. वर पत्रा असेल तर मे महिन्यात तिथे काय तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आडव्या थप्पीत ठेवलेली रेकॉर्ड अशा उन्हाळ्यात पापडासारखी होते. खालच्या खोलीत, भिंतीपासून दूर, पुस्तकांसारख्या उभ्या लावा.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला आहे. नेटवर जुन्या विचित्र टर्नटेबलचे फोटो बघत असतो. लोक त्यासाठी प्रचंड पैसे मोजतात. आवाज तर साध्या नव्या प्लेअरमधूनही चांगला येतो. मग हे वेड कशाचं?
— विद्यार्थी, केगाव

उत्तर : तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून तुला तुझ्याच भाषेत सांगतो. फोटोत जे विचित्र दिसतं ते बहुतेक वेळा कुठल्यातरी खऱ्या अडचणीचं उत्तर असतं. अडचण माहीत नसली की नुसता आकार दिसतो.

जर्मनीच्या ब्राउन कंपनीचा एसके ४ घे. साल १९५६, हान्स गुगेलो आणि डीटर राम्स यांचं काम. पांढरा पत्रा, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या आणि वर पारदर्शक झाकण. लोकांनी त्याला 'स्नो व्हाइटची शवपेटी' असं नाव पाडलं. झाकण पारदर्शक का? आधी ते पत्र्याचं करून पाहिलं होतं. आवाज वाढवला की झाकण थरथरायचं, खडखडायचं. म्हणून प्लेक्सिग्लास, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, आणलं. पुढे जगभरातल्या टर्नटेबलांवर पारदर्शक झाकण दिसू लागलं. तुझ्या आजोबांच्या प्लेअरवरही असेल.

दुसरा बिओग्राम ४०००. डेन्मार्कचा, १९७२ सालचा, याकोब येन्सेन यांनी रेखलेला. पुण्याच्या एका संग्राहकाकडे मी त्याच्यासमोर अख्खी दुपार बसून होतो. त्यात दोन हात आहेत, एकमेकांना समांतर. एकात सुई आहे, दुसऱ्यात नाही. मालकांनी थाळीवर रेकॉर्ड न ठेवताच बटण दाबलं. दोन्ही हात बरोबरीने आत सरकू लागले. बिनसुईच्या हातातून बारीक उजेड खाली पडत होता आणि थाळीवरच्या काळ्या पट्ट्यांवरून जाताना लुकलुकत होता. त्या लुकलुकण्यावरून यंत्राला कळलं की रेकॉर्ड नाही. सुई खाली आलीच नाही, हात मुकाट्याने परत गेले. मग त्यांनी रेकॉर्ड ठेवली, उजेड एकसारखा परतू लागला आणि सुई अलगद उतरली. चिप आणि प्रोग्रॅम घराघरांत पोहोचण्याआधीचं हे काम आहे. दिवा, प्रकाशाचा डोळा आणि काही ट्रान्झिस्टर, एवढ्यावर यंत्राला दिसायला लागलं. एवढा विचार करून बनवलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या घरी धूळ खात असेल, हे संग्राहकाला सहन होत नाही. मला तरी होत नाही.

न जमलेली उत्तरंही लोक जपतात, तेही बरोबरच आहे. अमेरिकेत १९५६ साली क्रायस्लरने मोटारीत डॅशबोर्डखाली रेकॉर्ड प्लेअर बसवला. एका बाजूवर बराच वेळ गाणं चालावं म्हणून वेग ठेवला मिनिटाला १६⅔ फेरे, आणि सात इंची खास रेकॉर्डी काढल्या. त्या रेकॉर्डी मोजक्याच निघाल्या, दुसऱ्या त्याच्यावर वाजेनात, काही वर्षांत सगळं बंद पडलं. पण चालत्या गाडीत आपल्याला हवं ते गाणं ऐकायची ती सुरुवातीची धडपड होती.

एवढं मात्र कर : फोटो बघून पैसे साठवू नकोस. दुकानात ये, एखादा उघडून बघ. तुझ्या हाताने बिजागरी आर्मचा कोन मोजलास की वरच्या ताईंचा एसएल-१० तुला वेगळाच दिसेल.

प्रश्न : आमच्याकडे चावीचा जुना एचएमव्ही १०२ आहे. त्यावर नाट्यगीतांच्या ७८च्या तबकड्या वाजतात. आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले बुवा सोबत वाजवायला बसले, पण पेटी कुठल्याच पट्टीत जुळेना. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी सूर लागतो. ग्रामोफोन बिघडलाय का?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, बाळे

उत्तर : बुवांच्या कानाला नमस्कार सांगा. ग्रामोफोन बिघडलेला असू शकतो, पण तबकडीही खरं बोलत असेल. सगळ्या '७८'च्या तबकड्या खरंच मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने कापलेल्या नाहीत. सुरुवातीच्या काळात सत्तरीच्या पहिल्या आकड्यांपासून ऐंशीच्या वरपर्यंत कसाही वेग असे. विजेच्या मोटारी आल्यावर तो एका जागी बसला. पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत साधारण ६ टक्क्यांचं अंतर असतं. ७४ने कापलेली तबकडी ७८ने वाजवली तर सूर पाच टक्क्यांहून जास्त चढतो. म्हणजे गायकाने काळी एकमध्ये म्हटलेलं जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतं.

आधी यंत्र तपासा. मध्ये भोक असलेला, तबकडीच्या लेबलाएवढा एक कागदी गोल घ्या आणि कडेला सारख्या अंतरावर ७७ काळ्या रेघा ओढा (किंवा छापून घ्या). तो तबकडीवर ठेवा, चावी पूर्ण भरा, सुई खाली सोडा, कारण सुईच्या ओझ्याने वेग उतरतो. मग चोकवाल्या जुन्या ट्यूबच्या उजेडात बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या तर वेग ७७.९२, म्हणजे बरोबर. पुढे पळताना दिसल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलईडीच्या दिव्याखाली हे नीट जमत नाही. वेग डुलत असेल तर आत गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, बघावा लागेल : तीन वजनं फिरत बाहेर झेपावतात आणि एक चकती चामड्याच्या गादीवर टेकवतात. ती गादी वाळलेली असते. तेलाचा एक थेंब पुरतो.

यंत्र नीट निघालं, तर थाळीजवळच्या वेगाच्या काट्याने थोडं खाली-वर करा आणि बुवांनाच सूर लावू द्या. जुन्या तबकड्यांसाठी लोक स्वित्झर्लंडचा लेन्को एल ७५ शोधतात तो याच कारणाने. त्याच्या मोटारीची दांडी निमुळती असते आणि रबरी चाक तिच्यावर पुढे-मागे सरकतं, त्यामुळे १६ पासून ७८च्या पलीकडेपर्यंत हवा तो वेग लागतो. पण तो मिळालाच तर ७८साठी जाड टोकाची वेगळी सुई लावा. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. तुमच्या एचएमव्हीला पोलादी सुई, आणि दर बाजूला नवी. जुनी सुई वाचवाल तर तबकडी जाईल.

एक गोष्ट जिवापाड सांगतो. या तबकड्या स्पिरिटने पुसू नका. त्यांच्यात लाख आहे, आणि लाकडाला पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. गिरणी बंद पडल्यावर मी नुकतं दुकान टाकलं होतं, तेव्हा दक्षिण कसब्यातल्या एका आजोबांनी त्यांच्या आईच्या आवडीची तबकडी माझ्याकडे दिली. चांगली चमकवून द्यावी म्हणून मी स्पिरिटचा बोळा फिरवला. कापूस काळा झाला, तबकडीवर करडा डाग उमटला आणि त्या जागी गाण्याऐवजी नुसती खरखर राहिली. आजोबा काही बोलले नाहीत, तबकडी पिशवीत घालून घेऊन गेले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ओला नाही, दमट मऊ सुती कपडा, खाचांच्या दिशेने, बस. टर्किश टॉवेलही नको, त्याचा धागा खाचेत अडकतो.

प्रश्न : मंगळवार बाजारात पितळी कर्ण्याचा 'अस्सल ब्रिटिश काळातला' ग्रामोफोन बघितलाय. घ्यावा का?
— व्यापारी, चाटी गल्ली

उत्तर : घाईने नको. नवा पितळी कर्णा, नव्या लाकडाची पेटी आणि आत कुठल्यातरी मोडलेल्या पोर्टेबल ग्रामोफोनची मोटार, असे जोडलेले नग आपल्याकडे भरपूर फिरतात. कर्णा बोटाने वाजवा, पातळ आणि झणझणीत वाजला तर शंका घ्या. पेटीच्या तळाचे स्क्रू बघा, नवे चकाकणारे प्लस खाचेचे असतील तर पेटी अलीकडची आहे. लोगोचं स्टिकर कोरं करकरीत असेल तर तेही खूण समजा. शोभेला हवा असेल तर शोभेच्या भावाने घ्या. वाजवायला हवा असेल तर विकणाऱ्याला चावी भरून एक पूर्ण तबकडी शेवटपर्यंत वाजवून दाखवायला सांगा, आणि शेवटच्या मिनिटाला सूर उतरतो का ते ऐका. बाळ्याच्या बुवांना सोबत नेलंत तर फारच उत्तम.