‘डाउन्स’ म्हणजे उतार नव्हे

विचारणा अशी आहे: इंग्लंडमधल्या ‘साउथ डाउन्स’वरच्या लेखाच्या अनुवादात ‘हिमनद्यांनी कोरलेले दक्षिणेचे उतार’ असं लिहिलंय, चालेल का?

नाही चालणार. ‘उतार’ही चुकलाय आणि ‘हिमनद्या’ही.

जुन्या इंग्रजीत ‘दून’ म्हणजे टेकडी. ‘ऑफ दूने’, म्हणजे टेकडीवरून, हे झिजत झिजत ‘खाली’ या अर्थाचं ‘डाउन’ झालं. डाउन्समध्ये तो जुना, टेकडीचाच अर्थ टिकलाय. (देहरादूनचा दून वेगळा, तिथे दून म्हणजे दरी, नेमकं उलटं!) विशेषनाम ‘साउथ डाउन्स’ तसंच ठेवा. वर्णन करायचं तर मी ‘माळटेकड्या’ म्हणेन: गोल माथ्याच्या, गवताळ, झाडं कमी.

आता हिमनद्या. हिमयुगातली बर्फाची चादर लंडनच्या उत्तर भागापर्यंत आली आणि तिथेच थांबली. या टेकड्यांवर ती कधी चढलीच नाही. इथे काम केलं ते गोठण्या-वितळण्यानं. दगड खडूचा (फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, हा खरा खडक), स्पंजासारखा पाणी पिणारा. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, त्यामुळे खडूचा पार भुगा होई. खालची जमीन बारा महिने गोठलेली, म्हणून उन्हाळ्यात वितळलेलं पाणी मुरायला जागाच नाही. मग वरचा थर लापशीसारखा होऊन उतारावरून सरकायचा आणि पाण्याचे लोंढे दऱ्या कोरायचे. दऱ्यांच्या तळाशी तो राडा आजही सापडतो: पिठूळ पांढरा लगदा आणि त्यात रुतलेले चकमकीचे धारदार तुकडे. त्याला ‘कूम्ब रॉक’ म्हणतात.

‘कूम्ब’ म्हणजे अशीच दरी, आणि मराठीत खरी अडचण इथे आहे. थंडी सरल्यावर खडू पुन्हा पाणी पिऊ लागला, प्रवाह आटले, दऱ्या तेवढ्या उरल्या. ब्रायटनजवळची ‘डेव्हिल्स डाइक’ जवळजवळ 100 मीटर खोल आहे, पण तळाशी ओढा नाही, नुसतं गवत. (समुद्राचं पाणी आत सोडून चर्चेस बुडवायला सैतानानं हा चर खणला, अशी दंतकथा आहे.) ‘खोरं’ म्हटलं की आपल्याला नदी दिसते. ‘घळ’ म्हटलं की शिवथरसारखी अंधारी, कातळातली जागा. म्हणून शब्द साधा असला तरी मी ‘कोरडी दरी’च घेईन.

तुमचं वाक्य असं करा: ‘हिमयुगात गोठण्या-वितळण्यानं घडलेल्या, कोरड्या दऱ्यांच्या खडूच्या माळटेकड्या’.